बारा पस्तीसचं सात पाच

शिवप्रसाद सर लातूरच्या पॉलिटेक्निकात सी शिकवतात. सी म्हणजे कॉम्प्युटरची भाषा. हे त्यांच्या सासऱ्यांना लग्नापासून सांगून झालं होतं, पण अहमदपूरच्या मार्केट यार्डात आडत दुकान चालवणाऱ्या गुंडप्पांना ते काही केल्या पटत नव्हतं.

"एबीसीडीत सव्वीस अक्षरं," गुंडप्पा चारचौघांत म्हणायचे. "आमचे जावई त्यातलं एकच शिकवून राहिलेत. अन् इतक्या वर्षांत पोरांना ते एक बी येईना."

चारचौघे हसायचे. शिवप्रसाद सरही हसायचे, कारण सासुरवाडीच्या ओसरीवर जावयाला दुसरं काही करता येत नाही. रुसता येतं, पण रुसायला कोणीतरी समजूत काढणारं लागतं, आणि त्यांची बायको मंजुश्री त्या खात्याची नव्हती.

तर या गुंडप्पांच्या धाकट्या मुलीचं, दामिनीचं लग्न ठरलं. मुलगा सोमेश, हैदराबादला सॉफ्टवेअर कंपनीत. तारीख तेवीस एप्रिल, वार गुरुवार, मुहूर्त दुपारी बारा पस्तीस. जागा अहमदपूरचंच एक मंगल कार्यालय. बैठकीत सगळं ठरलं आणि गुंडप्पांनी पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात घेतला. याचा अर्थ आता ते महत्त्वाचं बोलणार.

"माझं एकच म्हणणं हाय. अक्षता टायमाला पडल्या पाहिजेत, अन् पडताना हॉल भरलेला पाहिजे."

सगळ्यांनी शिवप्रसाद सरांकडे बघितलं. कारण गुंडप्पांच्या मनातली ही जखम सरांच्याच लग्नातली होती. त्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट अजून घरात आहे. त्यात मंगलाष्टकं जोरात चालू आहेत, नवरानवरी घामाघूम आहेत, आणि मागं रिकाम्या खुर्च्यांच्या रांगेतून एक कुत्रं शांतपणे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातंय. पाहुणे आले ते थेट पंगतीला. दुसऱ्या दिवशी यार्डात समोरच्या गाळ्याचा आडत्या म्हणाला होता, "गुंडप्पा, तुझ्या पोरीला खुर्च्यांनी आशीर्वाद दिले म्हणं!" तेव्हापासून गुंडप्पांनी त्या माणसाशी फक्त सोयाबीनच्या भावापुरतं बोलणं ठेवलं होतं.

"अंकल, त्याला एक ॲप आहे," नवरदेव सोमेश नम्रपणे म्हणाला. "सगळ्यांना आपोआप रिमाइंडर जातं."

गुंडप्पांनी त्याच्याकडे असं काही प्रेमानं बघितलं, जसं थोरल्या जावयाकडं कधी बघितलं नव्हतं. अजून हळद लागायची आहे, आणि याला हे बघणं? शिवप्रसाद सर ताडकन बोलून गेले, "ॲप कशाला? घरचा माणूस असताना? मी सीमध्ये प्रोग्राम लिहितो. हरेक पाहुण्याला त्याच्या नावानं आग्रहाचा मेसेज. वार, तारीख, वेळ, सगळं चोख. हॉल भरायची जबाबदारी माझी."

"जबाबदारी?" गुंडप्पांनी विचारलं.

"जबाबदारी."

"अडकलात का आता," मंजुश्री पुटपुटली.

पत्रिका छापल्या होत्याच. पण पत्रिकेवरचा मुहूर्त आपल्याकडं कोण वाचतं? माणूस पत्रिका उघडतो, आपलं नाव कोणत्या ओळीत घातलंय ते बघतो, ज्याचं नाव आपल्या वर छापलंय त्याला मनात शिव्या देतो आणि पत्रिका फ्रिजवर ठेवतो. वेळेचं काय ते मोबाइलवर.

सरांनी रविवारी बनियनवर बसून प्रोग्राम लिहिला. त्यांना वाटलं होतं, चहा निवायच्या आत होईल. सीमध्ये तारीख-वेळ छापायला एक तयार फंक्शन आहे, आणि ते फंक्शन सर दरवर्षी शिकवतात. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न असतो. फरक इतकाच, की आजवर त्यांनी ते फळ्यावर शिकवलं होतं. फळ्यावर कधी एरर येत नाही.

पहिला मेसेज तपासायला म्हणून त्यांनी मंजुश्रीच्या मोबाइलवर पाठवला. स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, दामिनीचं लग्न कधी हाय म्हणलात?"

"वाच की."

"रविवार, तेवीस मे, तीन हजार नऊशे सव्वीस."

सर धावत आत गेले.

"तवर हॉलचं बुकिंग टिकंल का?" मंजुश्री पोळी उलथत म्हणाली. "अन् जेवणाचं काय? आचाऱ्याला काय सांगू, दोन हजार वर्षांनी ये?"

आता यात सरांची चूक किती आणि ज्यानं ही भाषा केली त्याची किती, हा न्यायाचा प्रश्न आहे. त्या गृहस्थानं वर्षं मोजली एकोणीसशेपासून पुढं. महिने मोजले शून्यापासून; म्हणजे जानेवारी शून्य, फेब्रुवारी एक. तारखा मात्र सरळ एकपासून. का? असं विचारायचं नसतं. घरातल्या म्हाताऱ्यांच्या रीतीभातींना जसं कारण नसतं, तसंच हे. सरांनी चार म्हणजे एप्रिल दिला, कॉम्प्युटरनं त्याचा मे केला. दोन हजार सव्वीस दिले, त्यानं त्यात एकोणीसशे मिळवले. आणि वार त्याला कोणी नीट शोधायला लावला नव्हता, म्हणून त्यानं पहिला सापडला तो, रविवार, ठोकून दिला. सरकारी माणसासारखं झालं ते. विचारलं नाही तर बघणार नाही, पण रकाना रिकामा ठेवणार नाही.

सरांनी ते दुरुस्त केलं. दुसरा मेसेज गेला. वार बरोबर, तारीख बरोबर, वर्ष बरोबर.

"मुहूर्त बारा वाजून चार मिनिटं," मंजुश्रीनं आतून वाचलं.

"पस्तीस!"

"इथं चार हाय. माझ्यावर कामून ओरडता?"

मिनिटांसाठी मोठा एम लागतो आणि महिन्यासाठी छोटा. सरांनी छोटा घातला होता, म्हणून मिनिटांच्या जागी एप्रिलचा चार येऊन बसला होता. हीच चूक केल्याबद्दल गेल्याच आठवड्यात त्यांनी एका पोराला वर्गाबाहेर काढलं होतं. सरांनी दार लावून घेतलं आणि एम मोठा केला.

तेवढ्यात शेजारचे सिद्धराम आले. सिद्धराम एसटीत कंट्रोलर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी ते अजून घरातल्या माणसांना "सुटणार का आता?" असं विचारतात. त्यांनी स्क्रीनकडे लांबूनच, संशयानं बघितलं.

"सर, एक सांगू का? टायम कधी खरा सांगू नये."

"म्हणजे?"

"म्हणजे आपला माणूस टायम ऐकत न्हाई, टायमाचा अंदाज घेतो. मी माइकवर सांगायचो, मुखेड गाडी लागलेली हाय, लगेच सुटत हाय. तवा कुठं लोक चहा टाकून उठायचे. गाडी तर डेपोतनं निघालेली बी नसायची. तुम्ही बारा पस्तीस लिहिलं, की लोक दोनला येणार. चांगलं चार-पाच घंटे आधीचं ठोका!"

"सिद्धरामजी," सर ताठ झाले, "हा प्रोग्राम आहे. एसटीचा माइक नाही. माझा प्रोग्राम खोटं बोलणार नाही."

"मग हॉल भरणार न्हाई," सिद्धराम चप्पल घालत म्हणाले. "तुमची मर्जी."

वरच्या मजल्यावरच्या केवळाबाई जिन्यात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्यांनी जाता जाता आपलं मत टाकलं, "सर, मुहूर्त राहू द्या. गुलाबजाम किती वाजता हायेत ते लिहा. मी येते का न्हाई बघा."

प्रोग्राम झाला, पण इतक्या लोकांना मेसेज असा उठून पाठवता येत नाही. त्याला मेसेज पाठवणारी कंपनी लागते, आणि कंपनीला मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो. सरांनी मजकूर पाठवला. तो परत आला. शेरा होता: संदेशाचा प्रकार नमूद करा. जाहिरात, व्यवहार की सेवा?

सरांनी फोन लावला. पलीकडं एक मुलगी होती, आवाजात साखर.

"मॅडम, लग्न आहे हो."

"हो सर, पण प्रकार कोणता?"

"लग्नाला प्रकार कसला? साधं लग्न."

"सर, जाहिरात असेल तर रात्री पाठवता येणार नाही. व्यवहार असेल तर बँकेचं पत्र लागेल."

लग्न ही जाहिरात आहे की व्यवहार, यावर सरांनी एक अख्खी संध्याकाळ विचार केला. मंजुश्रीला विचारलं. ती म्हणाली, "पहिले चार दिवस जाहिरात, मग व्यवहार. अन् सेवा तर मीच करून राहिले." हे काही फॉर्मवर लिहिता येईना.

पुन्हा पाठवला. पुन्हा परत. 'अवश्य यावे' हे शब्द प्रलोभन वाटतात, काढा. काढले. मग कळलं, मेसेज पाठवणारा नोंदणी झालेला धंदा लागतो. मुलीचा बाप हा काही धंदा नव्हे. शेवटी गुंडप्पांच्या आडत दुकानाची नोंदणी लावली, प्रकारात 'सेवा' लिहिलं, आणि मजकूर मंजूर झाला. यार्डात तूर-सोयाबीनच्या गाडीची वेळ कळवावी, त्या चालीवर दामिनीच्या लग्नाची वेळ जाणार होती. गुंडप्पांना यात काही गैर वाटलं नाही. "माल चोख हाय," ते म्हणाले.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी प्रोग्राम कंपनीच्या सर्व्हरवर चढला आणि मुखेड, मुदखेड, उदगीर, नांदेड, लातूर, सगळीकडं भराभर मेसेज सुटले. पोचले, पोचले, पोचले. स्क्रीनवर हिरव्या ओळी धावत होत्या. सर खुर्चीत मागं रेलले. एवढा मान त्यांना त्यांच्या स्वतःच्या लग्नात मिळाला नव्हता.

एक बारीकशी गोष्ट इथं सांगायला हवी. यादीत सरांनी स्वतःचा नंबर घातला नव्हता. थोरल्या जावयाला मेसेजनं बोलवतात का? घरच्या कोणाचाच घातला नव्हता. अपवाद एकच: गुंडप्पांच्या थोरल्या बहिणीचा, उदगीरच्या लक्ष्मम्मांचा. मेसेज आला नाही म्हणून त्या रुसल्या असत्या, आणि त्यांचं रुसणं दोन पिढ्या पुरतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी सर आठच्या सुमाराला, खांद्यावर नवा शेला टाकून, कार्यालयात शिरले. झाडूवाला झाडत होता. मंडपवाला खुर्च्या लावत होता. आणि पहिल्या रांगेत, मधोमध, इरकल नेसून, मांडीवर अक्षतांची पुडी घेऊन लक्ष्मम्मा बसल्या होत्या.

"शरणार्थी, अक्का," सर लिंगायती नमस्कार करत वाकले. "लवकर आलात?"

"लवकर?" लक्ष्मम्मांचा आवाज रिकाम्या हॉलमध्ये दोनदा घुमला. "सात पाचचा मुहूर्त म्हणं! मी पावणेसातला आले. नवरदेव कुठाय? लग्न लावणारे स्वामी कुठायत? लग्न हाय का चेष्टा? मी उपाशी हाय सकाळपासून!"

"सात पाच? कोण म्हणलं?"

लक्ष्मम्मांनी मोबाइल पुढं केला. गुरुवार, तेवीस एप्रिल, दोन हजार सव्वीस. सगळं सुंदर. वेळ: सकाळी सात वाजून पाच मिनिटं.

सरांच्या पायाखालची सतरंजी सरकली. मंडपवाल्यानं खरंच ओढली होती, पण सरांना ते कळलं नाही. बारा पस्तीसमधून सात पाच गेले की किती उरतात? साडेपाच तास. भारत लंडनच्या ग्रीनिच वेळेच्या जितका पुढं आहे तितकेच! सरांनी मुहूर्त भरला तो घरच्या कॉम्प्युटरवर, आणि त्याचं घड्याळ लातूरचं होतं. कंपनीचा सर्व्हर कुठंतरी परदेशात, आणि त्याचं घड्याळ लंडनच्या हिशोबाचं. 'स्थानिक वेळ छाप' असं सरांनी प्रोग्रामला बजावलं होतं, आणि त्या इमानी प्राण्यानं त्याच्या गावची स्थानिक वेळ छापली होती. गुंडप्पांच्या घरच्या लग्नाचा मुहूर्त लंडनमध्ये निघाला होता.

सरांनी कंपनीला फोन लावला. तीच साखर.

"मॅडम, वेळ चुकली. दुरुस्तीचा मेसेज पाठवायचा आहे, आत्ता!"

"नक्की सर. नवीन मजकूर मंजुरीला टाका. दोन कामकाजाचे दिवस लागतील."

"अहो, तोवर वरात परत येईल!"

"आणखी काही मदत करू शकते का, सर?"

मंजुश्री हळदीची ताटं घेऊन आली, तेव्हा सर पडद्याच्या मागं उभे होते.

"काय करून राहिलात हितं?"

सरांनी सांगितलं. पाहुणे सातला आले असतील, सामसूम बघून परत गेले असतील. किंवा मेसेज वाचून 'आता काय जमणार' म्हणून घरीच बसले असतील. हॉल रिकामा. पुन्हा कुत्रं. आणि या खेपेला ॲपवाला जावई बोहल्यावर उभा राहून बघणार. "मी रुसून निघून जातो," सर म्हणाले. "जावयाला रुसायचा हक्क आहे. म्हणजे लोक माझं रुसणं बोलतील, प्रोग्रामचं बोलणार नाहीत."

"रुसायला कारण लागतं."

"आचाऱ्यानं मान दिला नाही म्हणू."

"गप बसा. अक्कांना आधी उपमा द्या. अन् बाबांना काही बोलू नका."

उपमा देऊन येताना दामिनीनं त्यांना खिडकीतून गाठलं. नवरी मुंडावळ्या सावरत हळूच म्हणाली, "दाजी, सोमेशना कळलंय. त्यांच्या मित्राला मेसेज गेला होता."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, टाइमझोन. आमच्याकडं बी होतं हे."

ही सहानुभूती सरांना चपलेपेक्षा जोरात लागली.

अकरा वाजले. हॉलमध्ये लक्ष्मम्मा, उपम्याची रिकामी बशी आणि खुर्च्या. गुंडप्पा दारात उभे. ते घड्याळाकडं बघत, मग रस्त्याकडं, मग थोरल्या जावयाकडं. तिन्हीकडं बघायची त्यांची नजर एकच होती. बँडवाल्यानं विचारलं, "मालक, वाजवू का?" गुंडप्पा म्हणाले, "कोणासाठी?"

साडेअकराच्या पुढं लांबून धूळ उठली. मुखेडची क्रूझर. ती अशी आली, की फाटकाशी तिला थांबायचं कसं ते आठवेना. दारं उघडली आणि आतून माणसं सांडली. बायका निऱ्या धरून पळत होत्या. पुढचा पाहुणा मागच्याला ओरडत होता, "तुझ्या पोह्यापायी! सात पाचचं लगीन, अन् हा नऊला पोहे खाऊन राहिला!"

"सात पाच म्हंजे नऊ-दहा धरायचं असतं की!"

"हाव, अन् आता किती झाले बघ!"

त्यांच्या मागं उदगीरकर. मग मुदखेडचे, एसटीतून उतरून स्टँडपासून पळत आलेले. मग लातूरच्या दोन जीप, त्यातून सिद्धराम आणि केवळाबाई. जो येतो तो धापा टाकत, आणि तोंडात एकच, "झाल्या का अक्षता? सुटलं का?"

मराठवाड्याच्या माणसाला स्वतःच्या उशिराची पक्की सीमा माहीत असते. दोन तास म्हणजे वेळेवर, तीन म्हणजे जरा उशीर. पण पाच तास? एवढा उशीर त्यांनीही कधी केला नव्हता. सगळे मान खाली घालून आत शिरले आणि बघतात तर काय, नवरी अजून खोलीतच, अंतरपाट घडीतच, स्वामी निवांत बसलेले.

मुखेडच्या म्होरक्या पाहुण्याचे डोळे भरून आले. त्यानं गुंडप्पांचे दोन्ही हात धरले.

"अण्णा! आमच्यासाठी मुहूर्त थांबवला?"

गुंडप्पांना काहीएक समजलं नाही. पण जन्म बाजारात गेलेला. भाव आपोआप चढत असला, की कारण विचारायचं नाही, एवढं त्यांना कळतं. ते घसा खाकरून म्हणाले, "थांबणारच की. तुमच्याबिगर अक्षता टाकतो का मी?"

पुढच्या पाहुण्यालाही तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. हॉलमधल्या हरेक माणसाला वाटत होतं, की हे लग्न सकाळपासून आपल्या एकट्यासाठी खोळंबून राहिलंय. असा मान कुणाला आयुष्यात मिळाला नव्हता. सगळ्यात शेवटी, एका पायात चप्पल नाही अशा अवस्थेत, समोरच्या गाळ्याचा आडत्या आला. "गुंडप्पा," तो धापा टाकत म्हणाला, "माझ्यासाठी बी थांबलास?"

"तुझ्यासाठीच तर," गुंडप्पा म्हणाले, आणि त्याला त्यांनी पहिल्या रांगेत, लक्ष्मम्मांच्या शेजारी बसवलं. खुर्ची उरलीच नव्हती, स्वतःची दिली.

बरोबर बारा पस्तीसला स्वामींनी आवाज लावला आणि अक्षता अशा पडल्या, की नवरदेवाला डोळे मिटून घ्यावे लागले. मागच्या भिंतीला टेकून लोक उभे होते. एक कुत्रं आत यायला बघत होतं. त्याला जागाच मिळाली नाही.

पंगत उठल्यावर गुंडप्पांनी थोरल्या जावयाला कोपऱ्यात घेतलं. सरांनीच आधी तोंड उघडलं.

"मामा, चूक झाली. ते सर्व्हरचं घड्याळ..."

"मला समजलंय. सोमेशरावांनी सांगितलं." गुंडप्पांनी इकडंतिकडं बघितलं. "भायेर कोणाला बोलू नका. चूक कशाची म्हणता? आपल्या माणसाचं घड्याळ लंडनचं हाय, हे आजवर कोणाला कळलं होतं का? तुम्ही हुडकलं." आणि मग चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमचे थोरले जावई इंजिनेर हायेत!"

सरांना शेला मिळाला, सोमेशच्या शेल्याहून चार बोटं रुंद. त्यांनी तो मोजून बघितला.

खवळल्या होत्या त्या फक्त लक्ष्मम्मा. साऱ्या पाहुण्यांत टायमावर आलेलं एकच माणूस, आणि त्याच माणसाला उपाशी बसवलं! "टायमावर येणारी मी येडी का?" त्या जाताना म्हणाल्या.

आता सिद्धरामांच्या नातवाचं जावळ आहे आणि यार्डातल्या तिघांनी आपापल्या घरच्या लग्नांसाठी नंबर लावलाय. सगळे सरांकडं येतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, "सर, ते लंडनवालं लावा." सरांनी घड्याळ दुरुस्त करून ठेवलं होतं, ते त्यांनी गुंडप्पांच्या हुकमानं पुन्हा बिघडवलं. फक्त प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली. परवा वर्गात 'इफ-एल्स' शिकवताना त्यांनी तीच फळ्यावर लिहिली: पाहुणा लक्ष्मम्मा असेल तर भारताची वेळ छाप, नाहीतर लंडनची.

"सर," मागच्या बाकावरून आवाज आला, "ही लक्ष्मम्मा कोण?"

सर खडूचे हात झटकत म्हणाले, "अपवाद."